अनाथ मुलांची कागदपत्रे : ठेव कुणाची, जबाबदारी कुणाची?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली जाते. व्यवहार कितीही खरा असो, व्हाउचर नसेल तर खतावणीतल्या नोंदीला किंमत नसते. पुढे आयुष्यात पाऊल टाकल्यावर कळते की हा नियम केवळ मालाच्या खरेदी-विक्रीला लागू नाही, माणसालाही लागू आहे. मी जन्मलो, अमुक गावी वाढलो, अमुक शाळेत शिकलो हे कितीही खरे असले तरी कचेरीच्या खिडकीपाशी त्याचे व्हाउचर मागितले जाते.

आपल्यापैकी बहुतेकांना ही अडचण जाणवत नाही, कारण हे काम घराने आपल्या नकळत केलेले असते. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या कोणत्याही घरात एक लोखंडी ट्रंक असते. तिच्या तळाशी, आईच्या लुगड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्मदाखला, रेशनकार्ड, शाळेचे निकालपत्रक, घरपट्टीच्या पावत्या गुंडाळून ठेवलेल्या असतात. कागद सापडला नाही तरी "तुझी नोंद मामाच्या गावच्या पंचायतीत आहे" असे सांगणारे कोणीतरी असते. ती ट्रंक आणि ते सांगणारे माणूस, ही दोन्ही ज्या मुलाच्या वाट्याला आली नाहीत त्याने काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ही मुले कोण ते पाहू. आईवडील नसलेल्या, टाकून दिलेल्या किंवा घरी सुरक्षित नसलेल्या मुलांची व्यवस्था बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्यानुसार होते. हा कायदा जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. कोणते मूल कुठे राहील हे बाल कल्याण समिती ठरवते. मूल संस्थेत राहते, नातेवाइकांकडे राहते, किंवा कलम ४४ प्रमाणे प्रतिपालक कुटुंबाकडे सोपवले जाते. गोव्यात मेर्से येथे सरकारचे 'अपना घर' आहे. शिवाय खासगी संस्थाही आहेत. प्रतिपालन आणि दत्तक यांत एक मोठा फरक आहे. दत्तक घेतल्यावर मुलाच्या जन्मदाखल्यावर नव्या आईवडिलांची नावे येतात. प्रतिपालनात तसे होत नाही. मूल ज्यांच्या घरी जेवते, ज्यांना आई-बाबा म्हणते, त्यांचे नाव त्याच्या कागदांवर नसते. आणि ज्यांचे नाव कागदांवर असते ते बहुधा जवळ नसतात.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल कायद्याच्या दृष्टीने मूल राहत नाही. कलम ४६ नुसार त्याला पुढे आर्थिक साहाय्य देता येते. २०१६ च्या नियमांप्रमाणे ही अनुरक्षणाची सोय एकवीस वर्षांपर्यंत, आणि अपवाद म्हणून तेवीस वर्षांपर्यंत मिळू शकते. परंतु ते साहाय्य बँकेच्या खात्यात येते, आणि खाते उघडायला पुन्हा कागद लागतात!

कागदाने माणूस कसा अडतो याचे एक उदाहरण आपल्या गोव्याशी निगडित आहे. अमृता करवंदे यांना त्यांच्या वडिलांनी अगदी लहानपणी गोव्यातील एका अनाथाश्रमात ठेवले. अठराव्या वर्षी तेथून बाहेर पडून त्या पुण्याला गेल्या, मिळेल ते काम करीत शिकल्या आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसल्या. २०१७ साली त्यांना गुण कमी पडले नाहीत. कमी पडले ते नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आईवडिलांच्या उत्पन्नावरून मिळते. ज्या मुलीला आईवडीलच ठाऊक नाहीत तिने त्यांच्या उत्पन्नाचा दाखला कोठून आणावा? करवंदे यांनी हा प्रश्न थेट तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यापुढे मांडला आणि २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण लागू केले. एका मुलीच्या जिद्दीने एका राज्याचा नियम बदलला. मात्र त्या आरक्षणाचा लाभ घेण्यासाठीही महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते मिळवण्यासाठी समितीचे आदेश व संस्थेच्या नोंदी लागतात. सवलत आली तरी कागद सुटला नाही, उलट जुना कागद जपण्याची गरज वाढली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कागद जपणे म्हणजे नेमके काय? आपण दाखल्याला पुरावा समजतो, पण दाखला ही नुसती प्रत आहे. खरा पुरावा रजिस्टरात असतो. जन्माची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे पंचायतीच्या किंवा पालिकेच्या पुस्तकात असते. शिक्षणाची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरात असते. दहावीची नोंद गोवा बोर्डाकडे, आणि मूल संस्थेत का आले याची नोंद बाल कल्याण समितीच्या आदेशात असते. दाखला भिजला, फाटला, हरवला तरी रजिस्टर शिल्लक असेल तर नवी प्रत मिळते. पण त्यासाठी तीन गोष्टी ठाऊक पाहिजेत : नोंद कोणत्या कचेरीत आहे, कोणत्या वर्षाची आहे आणि तिचा क्रमांक काय. थोडक्यात, कागद हरवला तरी चालेल, त्याचा पत्ता हरवता कामा नये. घरच्या मुलाला हा पत्ता आई किंवा आजी सांगते. संस्थेतल्या मुलासाठी तो कोणीतरी लिहून ठेवला पाहिजे. एका फुलस्केप पानावर प्रत्येक दाखल्यापुढे कचेरी, वर्ष आणि क्रमांक एवढेच लिहायचे. मूल दहा-बारा वर्षांचे झाल्यापासून त्याला ते पान दाखवावे आणि समजावून सांगावे.

जन्माची नोंदच झालेली नसेल तर? तेव्हाही वाट बंद होत नाही. बेवारस सापडलेल्या अर्भकाच्या जन्माची खबर देण्याची जबाबदारी कायद्याने गावच्या प्रमुखावर आणि पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यावर टाकली आहे. वर्ष उलटून गेले असल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने उशिरा नोंद करता येते. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा अनाथ, टाकून दिलेल्या आणि एकल पालकाच्या मुलांची नोंदणी सुलभ करण्याचा हेतू सांगितला गेला. त्याच दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, पासपोर्ट अशा अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा ठरवला आहे. म्हणजे यापुढे ज्याची नोंद राहिली त्याचे दहा दरवाजे एकाच वेळी बंद होणार. ही नोंद मूल संस्थेत आल्याबरोबर पाहिली पाहिजे, अठराव्या वर्षी नव्हे.

आपल्या भागात आणखी एक गुंतागुंत आहे. डिचोलीच्या खाणी चालू होत्या तेव्हा, आणि अलीकडे पेडणे तालुक्यात मोपा विमानतळाचे काम निघाले तेव्हा (तो जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला), बाहेरून कितीतरी मजूर कुटुंबे इकडे आली. त्यांतली बरीच कर्नाटकातील. अशा कुटुंबातले मूल निराधार झाले तर त्याचा जन्मदाखला, म्हणजे 'जनन प्रमाण पत्र', कन्नडमध्ये असते, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार इंग्रजीत. कन्नडमधला 'बसप्पा' शाळेत 'बसवराज' होतो आणि आधारावर त्याच्या स्पेलिंगची तिसरीच तऱ्हा होते. कुठे आडनाव आधी लिहिलेले असते, कुठे शेवटी, आणि ते न कळल्याने आडनावाचे नाव आणि नावाचे आडनाव होते. तीन कागद, तीन माणसे! कचेरीला ती एकच व्यक्ती आहे हे पटवायला मग प्रतिज्ञापत्रे करावी लागतात. गोव्यात नाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची रीतसर प्रक्रिया पुरी करावी लागते. म्हणून शाळेत नाव घालतानाच जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहणे, आणि कन्नड येणाऱ्या माणसाकडून तो वाचून घेणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

गोव्यातील तरुणाला मामलेदार कचेरीतून मिळणारा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला किती मोलाचा आहे हे सरकारी नोकरीसाठी अर्ज करणारा प्रत्येकजण जाणतो. घरच्या मुलाच्या बाजूने एकाच गावातले घर साक्ष देते. चार ठिकाणी वाढलेल्या मुलाच्या बाजूने साक्ष द्यायला शाळांचे दाखले आणि समितीचे आदेशच असतात. त्यांतला एक जरी गहाळ झाला तरी मधली दोन वर्षे हे मूल कुठे होते याचे उत्तर देणे कठीण होते. म्हणून संस्था किंवा शाळा बदलताना प्रत्येक वेळी वास्तव्याचे पत्र तारखेसह मागून घ्यावे.

आता साठवणुकीविषयी. आपल्याकडचा पाऊस, दमट हवा, वाळवी आणि कसर हे कागदाचे चार शत्रू आहेत. जुलै २०२१ च्या पुरासारखी आपत्ती हा पाचवा. मूळ कागद झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावेत. त्यांचे लॅमिनेशन करू नये, कारण पुढे शिक्का किंवा साक्षांकन हवे असले म्हणजे ते करता येत नाही. प्रतींचे दोन संच करून दुसरा संच दुसऱ्या जागी ठेवावा.

सरकारने १ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकर सुरू केले. त्यातील एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. बोर्डाने किंवा खात्याने स्वतः त्यात पाठवलेला दाखला कायद्याने मूळ दाखल्यासारखाच मानला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र प्रतच राहतो. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांची किंमत सारखी नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पेटीची किल्ली मोबाईल क्रमांकात असते. लहानपणी आधार काढताना अधीक्षकाचा किंवा पालक बाईंचा क्रमांक दिलेला असतो. पुढे त्यांची बदली होते, क्रमांक बंद पडतो, आणि मुलाच्या पेटीचा ओटीपी भलत्याच गावी जातो. पेटी मुलाची, किल्ली दुसऱ्याच्या खिशात! यावर उपाय सोपा आहे. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन क्रमांक बदलता येतो, त्यासाठी वेगळा कागद लागत नाही. हे काम संस्था सोडण्यापूर्वी झाले पाहिजे. पंधराव्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावेच लागतात, त्या वेळी सर्व तपशील तपासून घेणे सोयीचे.

बँकेच्या बाबतीतही हाच क्रम. सज्ञान झाल्यावर खातेदाराची नवी सही आणि ओळखीचे कागद बँक मागते. एकही अधिकृत कागद नसेल त्यालाही बँक 'लघु खाते' उघडून देऊ शकते. त्यात शिल्लक पन्नास हजारांपेक्षा, महिन्याची उचल दहा हजारांपेक्षा आणि वर्षाची जमा एक लाखापेक्षा जास्त असता कामा नये. ते बारा महिने चालते, आणि कागदासाठी अर्ज केल्याचे दाखवल्यास आणखी बारा महिने. पासपोर्टसाठीही २०१६ च्या डिसेंबरपासून अशी सोय आहे की, जन्माचा दुसरा पुरावा नसलेल्या अनाथ मुलाच्या बाबतीत संस्थाप्रमुखाचे जन्मतारखेविषयीचे पत्र चालते. सवलती आहेत, त्या सांगणारा माणूस नसतो.

मग जबाबदारी कुणाची? बँकेत ठेव ठेवली म्हणजे ती बँकेची होत नाही. बँक केवळ सांभाळते, मागताक्षणी परत देणे तिच्यावर बंधनकारक असते. संस्थेच्या कपाटातली मुलाची फाईल ही तशीच ठेव आहे. प्रत्येक मुलाचा व्यक्तिगत संगोपन आराखडा (प्रपत्र ७) करावा आणि संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढची योजना समितीपुढे ठेवावी असे नियम सांगतात. त्याच वेळी कागदांची यादी मोजून, दोघांच्या सह्या घेऊन मुलाच्या हाती मूळ कागद द्यावेत आणि प्रती संस्थेकडे राहू द्याव्यात. सतराव्या वर्षी मतदार यादीसाठी आगाऊ अर्जही करता येतो. हा अठराव्या वाढदिवसाचा खरा आहेर होईल.

महाविद्यालयांनाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रवेश अर्जात 'वडिलांचे नाव' आणि 'पालकांचे उत्पन्न' हे रकाने असतात. ते रिकामे ठेवणाऱ्या मुलाला खिडकीपाशी सर्वांसमोर कारण विचारू नये. अशा मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याचे कलम ७४ मनाई करते, आणि माणुसकीही करते. एका प्राध्यापकांकडे हे काम सोपवून खासगीत कागद पाहता येतील. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक दरवर्षी गावात शिबिर भरवतात. त्यातले दोन दिवस जवळच्या संस्थेतील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसोबत बसून ते एका पानाचे टिपण तयार करण्यास दिले तर त्याला ना निधी लागेल, ना परिपत्रक. कन्नड आणि मराठी दोन्ही वाचू शकणारे विद्यार्थी आपल्यात आहेत. दोन लिप्यांतली नावे ताडून पाहण्यास त्यांच्याइतके योग्य कोण?

ज्याला घर नाही त्याला घर देणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याचे कागद कुठे आहेत हे त्याला ठाऊक असावे, एवढी तजवीज मात्र आपण निश्चित करू शकतो.