मलबार टेकडीचे मूळ रहिवासी

मुंबईच्या श्रीमंतीचा विषय निघताच ज्या मलबार टेकडीचे नाव प्रथम ओठांवर येते, त्या टेकडीवर संपत्तीचा अंमल बसला तो फार उशिरा. तत्पूर्वी शतकानुशतके तेथे देवाची आणि पाण्याची सत्ता होती, पुढे मृतांचीही झाली, आणि या वस्तीचा खरा स्वभाव तिच्या बंगल्यांपेक्षा या जुन्या रहिवाशांकडूनच कळतो, असे माझे मत आहे.

टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी बाणगंगा आहे. शिलाहारांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू नामक मंत्र्याने हे तळे 1127 साली बांधविले, असे परंपरा सांगते. खारा समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही तळाच्या झऱ्यामुळे त्याचे पाणी गोडे राहिले, आणि प्रभू रामचंद्रांच्या बाणाची कथा ज्या श्रद्धेने त्या पाण्याशी जोडली गेली, त्याच श्रद्धेने पोर्तुगीज अमदानीत भग्न झालेले वाळकेश्वराचे देवालय रामा कामती या सारस्वत गृहस्थाने 1715 मध्ये पुन्हा उभे केले. भोवती मठ, धर्मशाळा, समाध्या आणि अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या वसल्या. तिकडे वरच्या निर्मनुष्य रानात पारशी समाजाने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या मृतांसाठी डुंगरवाडी स्थापिली.

पुढे साहेब लोक समुद्राच्या वाऱ्यासाठी येथे येऊ लागले, परंतु टेकडीचे भाग्य पालटले ते एका दुःखद घटनेने. 1882 साली परळच्या सरकारी निवासस्थानी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने निवर्तल्या, आणि त्यानंतर गव्हर्नरांचा कायमचा मुक्काम टेकडीच्या टोकावर, आजच्या राजभवनाच्या जागी, हलला. सत्तेमागोमाग कापसाच्या व गिरण्यांच्या उत्पन्नावर गबर झालेले शेटसावकार आले. याच सुमारास, 1881 मध्ये, टेकडीवरील जलाशयाच्या छतावर जी बाग तयार झाली, तिला पुढे फिरोजशहा मेहतांचे नाव मिळाले. तेथे फिरावयास येणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की पायांखालचे पाणी उंचीच्या बळावर उतारावरून खालच्या शहराकडे धावते?

राजकारणही येथे मुक्कामास आले. क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार 1936 मध्ये बांधलेल्या जिनांच्या घरी सप्टेंबर 1944 मध्ये गांधीजी वाटाघाटींसाठी गेले, आणि त्या निष्फळ ठरल्या. आज मुख्यमंत्र्यांचे ‘वर्षा’ निवासस्थान आणि ‘सह्याद्री’ हे शासकीय अतिथिगृह येथेच असल्याने राज्याचा कारभारही टेकडीपासून दूर नाही.

बंगले पाडून मनोरे उठले, ते अधिकच उंच होत आहेत, आणि त्यांचे रक्षण करण्यास त्यांचे धनी समर्थ आहेत. बाणगंगेच्या पायऱ्यांना, दीपस्तंभांना आणि काठावरच्या जीर्ण धर्मशाळांना तसा धनी नाही. टेकडीवरील पहिला हक्क त्यांचा आहे. म्हणून नव्या इमारतीच्या प्रत्येक परवानगीपूर्वी महानगरपालिकेने आणि पुरातत्त्व खात्याने तिचा बाणगंगेच्या झऱ्यावर काय परिणाम होईल, हे तपासलेच पाहिजे.