उभ्या गाडीचे इंजिन का अडखळते?

नारायणगावच्या बाजारात किंवा मंचरच्या रस्त्यावर एखादी जुनी मारुती 800 उभी असते. ती गिअरमध्ये नसते, ॲक्सिलरेटरवर पायही नसतो. तरी इंजिन मिनिटाला साधारण 700 ते 1000 फेरे घेत राहते. याला ‘आयडलिंग’ म्हणतात. ते बिघडले की इंजिन थरथरते, उगाच घुमते किंवा बंद पडते. घाटात तर हा धोकाच होय. ब्रेकला मदत करणारी पोकळी इंजिनच निर्माण करते. इंजिन बंद पडल्यावर दोनतीनदा ब्रेक दाबला, की तो फार जड होतो.

बिघाड शोधण्यापूर्वी इंजिनाचा आहार पाहू. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 मध्ये हे मिश्रण कार्ब्युरेटर करी. 1 एप्रिल 2000 पासून देशभर धुराविषयी नवे नियम लागू झाले. त्या सुमारास या गाडीत ‘इंजेक्शन’ आले. तिचे उत्पादन 2014 मध्ये थांबले.

इंजेक्शनच्या गाडीत हवेचा दाब, तापमान आणि इंजिनाचे फेरे संवेदक मोजतात. त्यावरून एक छोटा संगणक पेट्रोलचे माप ठरवतो. कल्याणकडून माळशेज घाट चढून जुन्नरला आलात, की उंची सुमारे 700 मीटर होते आणि हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे 8 टक्क्यांनी घटतो. साध्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही; तेथे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडते. संगणक मात्र माप आपोआप कमी करतो. म्हणून इंजेक्शनची गाडी अडखळली, तर दोष घाटावरच्या हवेला देता येत नाही.

आयडलिंगच्या वेळी हवेच्या वाटेवरील मुख्य झडप, म्हणजे थ्रॉटल, जवळजवळ मिटलेली असते. बरीचशी हवा बाजूच्या अरुंद वाटेने आत जाते. त्या वाटेवर दुसरी लहान झडप असते. हेडलाइट लावताच इंजिनावर भार येतो आणि फेरे घटू लागतात. संगणक लगेच ही झडप थोडी अधिक उघडतो. फेरे वाढले तर ती मिटतो.

आता लक्षणांवरून तर्क करू या.

फेरे कमी पडून इंजिन बंद होत असेल, तर थ्रॉटलभोवती आणि अरुंद वाटेत तेलकट काजळी साचली असण्याचा संभव असतो. ती साफ करावी.

फेरे सतत जास्त असतील, तर प्रथम ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे का ते पाहावे. ती ठीक असेल, तर तडकलेल्या रबरी नळीतून जादा हवा शिरत असेल. लहान झडप पूर्ण मिटूनही ती हवा थांबत नाही. अशा गळतीने फेरे वरखालीही होतात. गळतीजवळ बहुधा ‘स्स्स’ असा आवाज येतो.

इंजिन तापल्यावरही फेरे उतरत नसतील, तर पाण्याचे तापमान मोजणारा संवेदक तपासावा. तो ‘इंजिन थंड आहे’ असे चुकीचे सांगत असेल, तर संगणक फेरे वाढवूनच ठेवतो.

इंजिन एका ठेक्यात हादरत असेल, तर हवेऐवजी ठिणगीचा संशय घ्यावा. तीन सिलिंडरांपैकी एकाचा प्लग काम करीत नसेल.

लक्षात घ्या, दोष दहा रुपयांच्या नळीत असताना महाग झडप बदलली, तर पैसे जातात आणि बिघाड तसाच राहतो. म्हणून आधी पाहावे, ऐकावे, मग तर्क करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि फेरे पुन्हा पाहावेत. प्रयोगशाळेतला हाच नियम गॅरेजातही लागू पडतो.

हे निरीक्षण जाणत्या मेस्त्रीसोबत, उघड्या जागेतच करा. बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. त्याला वासही नसतो. फिरत्या पट्ट्यापासून हात व सैल कपडे दूर ठेवा. गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल मुळीच शिंपडू नका.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी : हेडलाइट लावल्यावर फेरे क्षणभर घटून पुन्हा पूर्ववत झाले, तर इंजिनात बिघाड आहे का? वरील माहितीवरून उत्तर शोधा आणि वर्गात आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.