स्मगल (क्रियापद)

'स्मगल' हे इंग्रजी भाषेतील सकर्मक क्रियापद आहे. बंदी असलेली किंवा करपात्र वस्तू अधिकाऱ्यांची नजर चुकवून देशाच्या सीमेपलीकडे नेणे अथवा आणणे, हा त्याचा मुख्य अर्थ होय. 'स्मगलिंग' व 'स्मगलर' ही त्यापासून साधलेली नामे मराठीतही रूढ आहेत.

व्युत्पत्ती

हा शब्द १७व्या शतकात लो जर्मन अथवा डच भाषेतून इंग्रजीत आला. डच भाषेत 'स्मोकेलेन' हे समानार्थी क्रियापद आजही प्रचलित आहे.

वापर

या क्रियापदापुढे 'इन्टू' आल्यास चोरून आत आणणे, 'आउट ऑफ' आल्यास चोरून बाहेर काढणे आणि 'पास्ट' आल्यास पहारेकऱ्याला चुकवून नेणे असा अर्थ होतो. विस्तारित अर्थाने कर किंवा सीमा यांचा संबंध असावाच लागतो असे नाही; वसतिगृहात मांजराचे पिल्लू लपवून आणण्यासही हेच क्रियापद योजतात.

मराठी प्रतिशब्द

'तस्करी करणे' हा सर्वाधिक प्रचलित प्रतिशब्द आहे. संस्कृतात 'तस्कर' म्हणजे चोर. मात्र चोर दुसऱ्याची वस्तू घेतो, तर स्मगलरने आणलेले सोने त्याने रीतसर विकत घेतलेले असू शकते. त्याचा गुन्हा ते लपवून आणण्यात असतो. त्यामुळे मालाच्या संदर्भात 'चोरटी आयात', 'चोरटी निर्यात' हे शब्द अधिक नेमके ठरतात.

इंग्रजी क्रियापद प्रसंगी गौरवानेही वापरले जाते. वि. दा. सावरकरांच्या १८५७च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटिश सरकारची बंदी असतानाही त्याच्या प्रती भारतात आणल्या गेल्या. येथे 'तस्करी' हा शब्द विपरीत ठरेल. 'गुप्तपणे आणणे' हेच योग्य.

'ट्रॅफिक'शी फरक

व्यक्तींच्या संदर्भात 'स्मगल' आणि 'ट्रॅफिक' या दोन्ही क्रियापदांसाठी मराठीत 'मानवी तस्करी' असे सरसकट लिहिले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली या दोहोंसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल स्वीकारले. आर्थिक वा अन्य भौतिक लाभासाठी एखाद्याला परदेशात बेकायदा प्रवेश मिळवून देणे हे स्मगलिंग होय. त्यात जाणाऱ्याची सहसा संमती असते. शोषणाच्या हेतूने बळजबरी, फसवणूक आदी मार्गांनी माणसाला ताब्यात घेणे किंवा नेणे हे ट्रॅफिकिंग होय. ते एकाच देशातही घडू शकते. पहिल्यासाठी 'स्थलांतरितांची चोरटी वाहतूक' आणि दुसऱ्यासाठी 'मानवी व्यापार' असे वेगळे शब्द योजल्यास, शोषणाला बळी पडलेली व्यक्ती आणि स्वेच्छेने सीमा ओलांडणारी व्यक्ती यांत गल्लत होत नाही.