साचा नदीपलीकडे होता

खराडीच्या वाट्याला आता एक सोडून दोन मेट्रो आल्या आहेत. २५ जून २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडीपासून वाघोली-विठ्ठलवाडीपर्यंतचा वाढीव मार्ग मंजूर केला. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी ही चौथी मार्गिका मंजूर झाली. नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग हा फाटा धरून तिची लांबी ३१.६ किलोमीटर, स्थानकं २८, खर्च ९,८५७ कोटींच्या वर आणि मुदत पाच वर्षांची. बातमी आनंदाची, यात शंका नाही. पण नगर रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या पोटात ती वाचून आधी गोळा येतो. हा रस्ता त्याने एकदा बीआरटीसाठी, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेसाठी, खोदलेला पाहिला आहे, मग मेट्रोसाठी, आणि मग तीच बीआरटी उखडण्यासाठी.

चौथ्या मार्गिकेची सगळी स्थानकं जमिनीच्या वर आहेत. उन्नत मार्ग म्हटला की प्रीकास्ट आलंच. काँक्रीटचे भाग लांबच्या यार्डात साच्यात ओतायचे, रात्री ट्रेलरवरून आणायचे आणि खांबांवर चढवून जोडायचे. म्हणजे ज्या तंत्राकडे खराडीच्या बिल्डरांनी वीस-पंचवीस वर्षं पाठ फिरवली, तेच आता सरकारी खर्चाने त्यांच्या गॅलरीसमोरून जाणार आहे. ही गंमत नीट समजायची तर थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. खराडी हे मुळा-मुठेकाठचं शेतीचं गाव होतं, १९९७ मध्ये ते पुणे महापालिकेत आलं, मग झेन्सारसारख्या कंपन्यांचे कॅम्पस आले, इऑन आयटी पार्क आलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं. जमिनींचे भाव, गुंठ्यांचे हिशेब, सातबाऱ्यावरची नावं हे सगळं पुण्याच्या कुठल्याही उपनगरासारखंच. त्यात वेगळं सांगण्यासारखं फारसं नाही.

वेगळं होतं ते नदीच्या पलीकडे. मुंढव्याच्या औद्योगिक वसाहतीत बी. जी. शिर्के यांच्या कंपनीचं ठाणं होतं आणि आजही आहे. वाईजवळच्या पसरणीत १९१८ साली जन्मलेले बाबूराव शिर्के पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि १९४०च्या दशकात ठेकेदारीत उतरले. पुढे स्वीडनच्या सिपोरेक्स कंपनीशी तांत्रिक करार करून त्यांनी हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचं उत्पादन पुण्यात आणलं. पुण्यात आजही कुठल्याही कंपनीच्या हलक्या ब्लॉकला सिपोरेक्सच म्हणतात आणि त्यात खिळा टिकत नाही म्हणून कुरकुरतात. त्याच्या जोडीने आलं त्यांचं ‘थ्री-एस’ तंत्र. पोकळ खांब, तुळया आणि स्लॅबचे तुकडे कारखान्यात ओतायचे, साइटवर क्रेनने बसवायचे आणि सांध्यांत सळया घालून जागेवर काँक्रीट भरायचं. १९७२ पासून हे तंत्र देशात वापरात आहे. शिर्क्यांना २००३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१० मध्ये ते गेले.

तोवर नदीच्या अलीकडे टॉवरांची शर्यत सुरू झाली होती.

या मागोव्यात खरा रस आहे तो त्यानंतरच्या दशकात, साधारण २०१२ ते २०२३ या वर्षांत. खराडीत या काळात जे उभं राहिलं ते बहुतेक जागेवरच ओतलं गेलं. आधी लाकडी फळ्या आणि लोखंडी टेकू, मग मायवान म्हणून ओळखले जाणारे अॅल्युमिनियमचे साचे, रात्री-अपरात्री येणारे आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, ट्रान्झिट मिक्सर, आणि स्लॅब भरायच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत घरघरणारे व्हायब्रेटर. शेजारच्या सोसायटीतली मुलं त्या आवाजात अभ्यास करत मोठी झाली. खडी आणि क्रश सँडचे डंपर वाघोली-लोणीकंदच्या खाणींकडून येत राहिले. मायवानने मजले भराभर चढवले, हे मान्य करायला हवं. पण ओलं काँक्रीट उंचावर नेऊन तिथे माणसांनी पसरायचं, हा मूळ प्रकार बदलला नाही.

त्याची किंमत कोणी मोजली? २९ जुलै २०१६ ला बालेवाडीत एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर स्लॅबचं काम चालू असताना तो भाग कोसळला आणि ९ मजूर खाली पडून मेले. २९ जून २०१९ ला कोंढव्यात पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि १५ जण गेले, त्यांत मुलंही होती. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात, म्हणजे खराडीहून नगर रस्त्याने थोड्याच अंतरावर, तळघरासाठी बांधलेली सळयांची जाळी कोसळून बिहारचे ५ मजूर दगावले. प्रत्येक वेळी गुन्हे दाखल झाले, चौकशी समित्या बसल्या, मदतीचे आकडे जाहीर झाले, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर तशीच परांची चढली.

प्रीकास्टचा पहिला फायदा वेगाचा सांगतात. तो खरा आहे, पण आधी बोलायला हवं ते माणसांबद्दल. खांब, भिंत, जिना जमिनीवर छपराखाली ओतला की सळई बांधणारा आणि काँक्रीट ठोकणारा चौदाव्या मजल्यावर लटकत नाही. साइटवर माणसं कमी लागतात, त्यामुळे भिंतीच्या आडोशाला पत्र्याच्या खोल्याही कमी लागतात. पोलादी साच्यात, मोजून घातलेल्या पाण्यात तयार झालेलं काँक्रीट दाट होतं. वाफेवर क्युरिंग केलं तर तुकडा दुसऱ्या दिवशी साच्यातून निघतो. साइटवर मात्र स्लॅबवर पाणी मारायला ठेवलेला माणूस आला नाही तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. काँक्रीटमध्ये पोकळ्या, म्हणजे हनीकॉम्ब, दिसला तर साइटवर प्लास्टरखाली झाकता येतो. कारखान्यात तो तुकडा यार्डातच बाद करता येतो.

मग शर्यतीत हे तंत्र मागे का राहिलं? बिल्डरांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘गिऱ्हाइकाला नको असतं.’ लंडनमध्ये १६ मे १९६८ ला रोनन पॉइंट या २२ मजली प्रीकास्ट इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा पत्त्यांसारखा ढासळला आणि ४ माणसं मेली. २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या अनेक प्रीकास्ट शाळांची छपरं खाली आली. ही उदाहरणं सेमिनारमध्ये हमखास निघतात. दोन्हींचा धडा एकच होता. तुकडे भक्कम असून भागत नाही, सांधा बांधलेला हवा. तो धडा अभियंत्यांनी केव्हाच घेतला. भारतीय मानक १५९१६ हे प्रीकास्ट इमारतींसाठीच आहे आणि ते २०१० पासून उपलब्ध आहे. भीती दाखवणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडून पाहिलं, हा प्रश्नच आहे.

खरं कारण भागीदारी नसण्यात आहे. प्रीकास्टला सगळे निर्णय आधी लागतात. भिंत ओतण्यापूर्वी तिच्यात विजेची नळी कुठून जाणार, बाथरूमचं छिद्र कुठे पडणार, खिडकी किती इंचांची, हे आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट, प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि कारखाना यांनी एका टेबलावर बसून ठरवायचं आणि त्यावर सह्या करायच्या. खराडीत जमीनमालकाशी एक करार, बिल्डरचा आर्किटेक्टशी दुसरा, ठेकेदाराशी तिसरा, आणि सेंट्रिंगवाल्याशी तर तोंडीच. पाया खोदून झाल्यावर टू-बीएचकेची थ्री-बीएचके होते, कारण बुकिंग तशी आली. जमीनमालकाच्या मुलाला वरच्या मजल्यावर जास्तीचा टेरेस हवा असतो. जागेवर ओतण्यात हे सगळे हट्ट पुरवता येतात, साच्यात येत नाहीत. शिवाय हजार सारखे तुकडे निघाले तरच साचा परवडतो, आणि इथे प्रत्येक प्लॉट वेगळ्या आकाराचा.

करानेही हातभार लावला. कारखान्यातून आलेल्या भागावर जीएसटी लागतो, रोजंदारीवर ठेवलेल्या माणसाच्या पगारावर लागत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या घरबांधणीला कमी दराचा जीएसटी आला, पण भरलेल्या कराची वजावट गेली. म्हणजे सुरक्षित, कारखान्यातलं काँक्रीट घेणाऱ्याच्या माथी जास्तीचा खर्च. २०२० च्या टाळेबंदीत मजूर गावी गेले आणि साइट ओस पडल्या, तेव्हा प्रीकास्टची चर्चा रंगली होती. मजूर परतले तशी ती मावळली.

भागीदारी जमली की काय होतं, हे पाहायलाही नदीच ओलांडावी लागते. मगरपट्ट्यात सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून जास्त एकर जमीन एकत्र केली. जमिनीच्या प्रमाणात कंपनीत वाटा घेतला आणि बिल्डरला जमीन विकण्याऐवजी २००० च्या सुमारास स्वतःच शहर उभारायला घेतलं. ते प्रीकास्टने बांधलेलं नाही. पण सगळ्यांचं आधी ठरलं होतं, म्हणून रस्ते, झाडं आणि गटारं इमारतींच्या आधी नकाशावर आली. खराडीत प्रत्येकाने आपापला तुकडा विकला आणि रस्ता महापालिकेवर सोडला.

महापालिकेच्या भागीदाऱ्यांचा हिशेब तर आणखी कडू आहे. नदीकाठाने शिवणे ते खराडी असा रस्ता २०११ च्या सुमारास कामाला लागला. भूसंपादन पुरं होण्याआधी ठेका दिला गेला आणि रस्ता तुकड्या-तुकड्यांत पडून राहिला. एव्हाना तो पुरा असता तर नगर रस्त्याचा निम्मा त्रागा वाचला असता. नगर रस्त्याची बीआरटी २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२३ च्या अखेरीस ती काढायला सुरुवात झाली.

मेट्रोने निदान काँक्रीट नीट केलं. पुलाचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला टेकवून ओतला जातो, म्हणून चढवल्यावर कडा जुळतात. मग सांध्याला इपॉक्सी लावून आतून तारा ताणतात. रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा ६ मार्च २०२४ ला सुरू झाला. येरवडा स्थानक मात्र त्या दिवशी बंदच राहिलं. त्याचा जिना रस्त्यात येत होता, तो तोडून हलवावा लागला आणि स्थानक उघडायला ऑगस्ट उजाडला. मिलिमीटरवर जुळणाऱ्या पुलाखाली जिना कुठे उतरवायचा, यावर दोन सरकारी कार्यालयांचं आधी जुळलं नव्हतं.

प्रीकास्टची भाबडी आरती करण्यातही अर्थ नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेआधी शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर पुलाचे तुकडे चढवणारं यंत्रच कोसळलं आणि २० माणसं गेली. उंचावरचे कष्ट कमी झाले तरी उचलण्याचा धोका उरतोच, आणि तिथे दहा ठेक्यांत विभागलेली जबाबदारी माणसं मारते.

मुंढव्याच्या कारखान्याचं काय झालं? त्याला कामाची ददात पडली नाही. सिडकोने नवी मुंबईतली सामूहिक घरबांधणी २०१८ मध्ये चार कंपन्यांना वाटून दिली, त्यांत शिर्के होते. दुसरी कंपनी, एल अँड टी, हिने २०२२ मध्ये बामणडोंगरीला ९६ दिवसांत ९६ घरं प्रीकास्टने उभी करून दाखवली. १ जानेवारी २०२१ ला केंद्राने सहा राज्यांत नव्या तंत्राने घरं बांधण्याच्या ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी केली. चेन्नईच्या पेरुंबक्कममधली १,१५२ घरं शिर्क्यांच्या कंपनीने प्रीकास्ट पद्धतीने बांधली. कोविडची दुसरी लाट मधे येऊनही २६ मे २०२२ ला त्यांचं उद्घाटन झालं. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

आता खराडीत दोन मार्गिका येतील. निविदा निघतील आणि यार्डाची जागा ठरेल. जिने कुठे उतरणार, पावसाचं पाणी कुठल्या गटारात जाणार, महावितरणच्या केबल कोण हलवणार, हे पहिला तुकडा ओतण्यापूर्वी महामेट्रो, महापालिका आणि पीएमआरडीए यांनी लेखी ठरवून नागरिकांसमोर ठेवावं, एवढी मागणी खराडीकरांनी करायला हरकत नाही. आणि एक विचारून घ्यावं, हे ट्रेलर येणार कुठून? नदीकाठचा रस्ता अजून अर्धवट आहे, म्हणजे तेही नगर रस्त्यावरूनच.