नाराजीकडून स्वीकाराकडे

आयफोन ७ आणि एअरपॉड्स हे वायरलेस इयरफोन ७ सप्टेंबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे सादर झाले, तेव्हा कौतुकाबरोबरच तीव्र नाराजीचा सूरही उमटला. नव्या फोनमध्ये इयरफोनसाठीचा ३.५ मिलिमीटरचा जॅक नव्हता. ग्राहकांचे जुने इयरफोन सोबत दिलेल्या अडॅप्टरशिवाय निरुपयोगी ठरले. अ‍ॅपलचे फिल शिलर यांनी या निर्णयामागे ‘धैर्य’ असल्याचे सांगितले आणि तो शब्दच थट्टेचा विषय बनला. १५९ डॉलरचे एअरपॉड्स कानातून पडून हरवतील, ही भीती वेगळीच.

प्रतिस्पर्ध्यांनी या नाराजीचा जाहिरातींत उपयोग करून घेतला. परंतु गुगलने २०१७ मध्ये पिक्सेल २ मधून, तर सॅमसंगने २०१९ मध्ये गॅलेक्सी नोट १० मधून तोच जॅक वगळला. पर्याय आटत गेले, तसा विरोधही मावळला.

सोय वाढली, हे खरेच. मात्र तारेच्या साध्या इयरफोनला बॅटरी लागत नाही. वायरलेस इयरफोनची इवलीशी बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि ती सहजासहजी बदलता येत नाही. म्हणूनच ग्राहकांची पसंती बदलली, असे म्हणण्यापूर्वी त्यांच्यापुढे निवड किती उरली होती, हेही पाहायला हवे.