आधी ताटल्या, मग खिचडी

बचत गटाच्या बाया खिचडीचा गंज घेऊन येण्याआधी अंगणवाडीत दहा-पंधरा मिनिटं मोकळी असतात. बहुतेक ठिकाणी तेवढ्या वेळात सेविका रजिस्टर पुरं करते, मदतनीस ताटल्या मांडते आणि लेकरं भिंतीला पाठ लावून वाट पाहत बसतात. अकोल्याजवळच्या एका गावात हीच मिनिटं फार कामाची ठरताना मी पाहिली. तिथे ताटल्या मांडायचं काम मुलांचंच होतं, आणि ते रोज वेगळ्या मुलाकडे जायचं.

चारेक वर्षांची एक मुलगी ताटल्यांची चवड छातीशी धरून उभी राहिली. सेविकेने एवढंच सांगितलं, "सगळ्याइले एक-एक दे. उरल्या त मले सांग." मुलीने काहीच मोजलं नाही. एका मुलापुढे एक ताटली, पुढे सरकून दुसऱ्यापुढे दुसरी. मध्येच एक पोरगा जागा बदलून पलीकडे जाऊन बसला आणि त्याच्यापुढे पुन्हा एक ताटली आली. तेव्हा शेजारचाच ओरडला, "बाई, त्याले दोन देल्ल्या!" ताटली परत घेतली गेली. शेवटी हातात दोन उरल्या. "मंग कोन नाई आलं आज?" सेविकेने विचारलं. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि न आलेल्या दोघांची नावं सांगितली.

एकही आकडा न उच्चारता तिथे हिशेब झाला होता. ताटल्या पटावरच्या मुलांइतक्या होत्या, म्हणून उरलेली ताटली म्हणजे न आलेलं मूल. एकास एक जोडी लावणं हा मोजण्याचा पाया आहे. रॉचेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात मोजणीची तत्त्वं मांडली, त्यांत हे पहिलं. दुसरं म्हणजे आकड्यांचा क्रम दर वेळी तोच ठेवणं. तिसरं सगळ्यांत अवघड: मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा त्या सगळ्या वस्तूंचा मिळून असतो, शेवटच्या वस्तूचा नव्हे, हे कळणं.

हे तिसरं तत्त्व किती उशिरा उमगतं, ते घरोघरी दिसतं. अमरावतीत ओळखीच्या घरी साडेतीन वर्षांचा मुलगा पाहुण्यांसमोर इंग्रजीत पन्नासपर्यंत आकडे म्हणून दाखवतो. समोर संत्र्याच्या फोडी होत्या. मी म्हटलं, मला चार दे. त्याने मूठभर उचलून दिल्या. दोन दे म्हटल्यावर मात्र बरोबर दोनच आल्या. यात त्याचं काही चुकलेलं नाही. त्या वयात असंच असतं. करेन विन यांनी १९९०च्या सुमारास हीच गोष्ट प्रयोगांतून दाखवली. दहापर्यंत आकडे घडाघडा म्हणणारं मूल आधी फक्त 'एक' ओळखतं, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि मग कधीतरी त्याला सगळ्याच आकड्यांचं गुपित उलगडतं. पाठांतराने हा टप्पा लवकर येत नाही. तो येतो 'मला चार दे' हे खऱ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा ऐकून आणि करून.

आणि खऱ्या कारणाची मुलाला वाण नसते, ते रोज ताटात येतं. प्लास्टिकचे मणी पाच की सहा, याने लेकराला फरक पडत नाही. शेजारच्या वाटीत दोन लाडू आणि आपल्या वाटीत एकच असला, तर पडतो. "तिले दोन अन् मले एकच काहून?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाने तुलना केलेली असते, फरक ओळखलेला असतो आणि हिशेब मागितलेला असतो. माझ्या मते संख्येची जाण मुलात शिरते ती याच वाटेने, वाटपाच्या. म्हणून वाटप मोठ्यांनी उरकून टाकू नये, मुलांच्या हाती द्यावं. वेळ लागतो, सांडतं, भांडणं होतात. त्या भांडणांतच शिकणं चाललेलं असतं.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा, कारण तो मी वऱ्हाडातल्या आजींकडून ऐकला आहे: अन्नाशी खेळू नाई. डाळी कागदावर चिकटवून आकडे सजवणं, तांदूळ रंगवून भरण्या भरणं हे बालवाड्यांच्या प्रदर्शनांत छान दिसतं. पण ज्या जिल्ह्यात मेळघाट आहे, जिथे बाळांची वजनं महिन्याच्या महिन्याला चिंतेने पाहिली जातात, तिथे मूठभर तूर डिंकाने वाया घालवणं मलाही पटत नाही. आजींचं बरोबर आहे. म्हणून काम खरं असावं. निवडलेली डाळ शिजायला जावी, सोललेला दाणा भाजीत पडावा.

खऱ्या कामाला वऱ्हाडात तोटा नाही. हिवाळ्यात दारात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग येतो, हरभऱ्याचे घाटे येतात. सोलायला बसलेल्या आईजवळ मूल बसतंच. घाट्यात एक नाहीतर दोन दाणे निघतात, तुरीच्या शेंगेत तीन, चार, कधी पाच. भुईमुगाची शेंग बहुधा दोनाची, एखादी तिनाची. शेंग उघडण्याआधी विचारायचं, "किती निघतीन?" मूल अंदाज करतं, उघडून पाहतं, आणि थोड्या दिवसांनी शेंगेवरचे फुगवटे बोटाने चाचपून बरोबर सांगायला लागतं. तीन दाणे तर ते न मोजता, एका नजरेतच ओळखतं. लहान संख्या अशी नजरेने ओळखता येणं पुढच्या बेरजेला फार उपयोगी पडतं.

संत्र्याचंही तसंच. वरूड-मोर्शीकडचा आंबिया बहार ऑक्टोबरपासून बाजारात येतो, मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी. एका संत्र्यात साधारण दहा-बारा फोडी निघतात, पण सगळ्या संत्र्यांत सारख्याच नाही, आणि मजा तिथेच आहे. फोडी दोघांत वाटताना कधी जोड्या पुऱ्या होतात, कधी एक उरते. फोडी खाऊन झाल्यावर बियांचा हिशेब सुरू होतो: तुझ्या किती, माझ्या किती. अन्न पोटात गेलेलं असतं आणि मोजायचं साहित्य शिल्लक राहतं. आजींचा आक्षेप असा आपोआप मिटतो. चिंचोक्यांनी हे काम पिढ्यानपिढ्या केलं आहे. मुठीत चिंचोके लपवून एकी की बेकी विचारणाऱ्या पोरांना सम-विषम शिकवायला शाळा लागली नाही.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. बी, चिंचोका, शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा नाकात किंवा श्वासनळीत अडकू शकतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती हे देऊ नये, त्याहून मोठ्या मुलांच्या हाती असताना समोर कुणीतरी बसलेलं असावं, आणि काम संपलं की सगळं उचलून ठेवावं.

महागड्या साधनांवाचून बालशिक्षण करण्याचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी काम केलं आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसोरी पद्धत त्यांना मनापासून पटली होती, पण तिची साधनं गरीब वस्तीला परवडणारी नव्हती. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी अनुताई वाघांसह आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा साधनं आली ती आजूबाजूच्या रानातून, बिया, पानं, खडे अशी. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९७५ साली केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

या योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातले ३०० दिवस आहार मिळायला हवा. म्हणजे ३०० वेळा ताटल्या मांडल्या जातात, ३०० वेळा वाढप होतं. मे २०२३ मध्ये केंद्राने 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम सुरू केला. पोषण आणि शिक्षण एकाच ताटात बसू शकतात, हे अकोल्याजवळच्या त्या गावातली सेविका रोज दाखवत होती. वाढताना मुलांना ती विचारायची, "डाव अर्धा का पुरा?" मूल जे सांगेल तेवढंच पडे, आणि संपल्यावर पुन्हा मागता येई. अर्धा म्हणजे किती, हे मुलांना पोटाने कळलेलं होतं.

मेळघाटात अमृत आहार योजनेतून मुलांना आठवड्यातले चार दिवस अंडं मिळतं, अंडं न खाणाऱ्यांना केळी. तिथल्या कोरकू मुलांच्या तोंडी आकडे येतात ते मिया, बारी, आपई असे. त्यांना 'एक, दोन, तीन'वर आणण्याची घाई करू नये. जोडी लावणं, कमी-जास्त ओळखणं, उरलेलं सांगणं कोणत्याही भाषेत सारखंच होतं. घरच्या भाषेत पक्कं झालेलं पाच मराठीत नेणं सोपं जातं.

मापाचं शिक्षण मला सगळ्यांत जास्त घरच्या चुलीपाशी दिसलं. भाकरी थापणाऱ्या आईजवळ लेकरू गोळा मागतं आणि आपली चानकी थापतं. मोठ्या गोळ्याची मोठी, लहान गोळ्याची लहान. दाबून पसरली तर रुंद होते आणि पातळ होते, पीठ तेवढंच राहतं. पियाजे यांनी याच गोष्टीवर प्रसिद्ध प्रयोग केले: रुंद पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतलं की चार-पाच वर्षांचं मूल पाणी वाढलं म्हणतं. ताकाचे दोन वेगळे पेले घेऊन हे कुणालाही घरी पाहता येईल. मूल "यात जास्त हाय" म्हणालं तर त्याला खोटं पाडू नये. परत पहिल्या पेल्यात ओतायला सांगावं, आणि त्याने पाहिलं तरी पुन्हा तसंच म्हटलं तर म्हणू द्यावं. ही समज वयाबरोबर येते. ओतण्याचा अनुभव साठत राहावा, एवढंच मोठ्यांच्या हाती आहे.

पालकसभेत सेविकांना एकच प्रश्न विचारला जातो: पाटीवर आकडे कधी? गावातल्या कॉन्व्हेंटची मुलं शंभरपर्यंत लिहितात, आमची नुसत्या ताटल्या वाटतात. मी पाहिलेल्या सेविकेने यावर वाद घातला नाही. तिने एका आईला पुढे बोलावलं आणि तिच्या मुलाकडे फुटाण्यांची वाटी दिली. "आईले पाच दे." त्याने पाच दिले. "आता दोन खा म्हना आईले. किती राह्यले?" आईने दोन तोंडात टाकले. मुलाने तिच्या तळहाताकडे पाहिलं आणि मोजल्याशिवाय सांगितलं, तीन. मग सेविकेने फळ्यावर ५ काढला, त्याखाली २, त्याखाली ३, आणि सांगितलं की हे लिहायचं मोठ्या गटाला दिवाळीनंतर सुरू करणार आहे.