विजेरीची स्प्रिंग कारखान्यात

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणारी एस. टी. घाटात कितीही हादरली, तरी तुमच्या पिशवीतली सेलची विजेरी लागतेच. तळाची स्प्रिंग सेलला सतत दाबून धरते आणि विद्युत मंडल तुटू देत नाही.

हीच युक्ती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यात वापरतात. सर्किट बोर्डावरील मायक्रोकंट्रोलर म्हणजे एक छोटा संगणकच. त्याने काय करायचे, तो प्रोग्राम त्याच्या स्मृतीत भरावा लागतो. एटीमेगा ३२८ या चिपला त्यासाठी ६ जोड लागतात: २ विजेचे, ३ संदेशांचे व १ रीसेटचा. एकदाच लागणारे सॉकेट प्रत्येक बोर्डावर बसवणे महाग पडते. म्हणून बोर्डावर धातूचे ६ ठिपके ठेवतात आणि त्यांवर ६ स्प्रिंगच्या पिना टेकवतात. प्रत्येक पीन स्वतंत्रपणे आत दबते. त्यामुळे बोर्ड किंचित वाकडा असला तरी सर्व टोके टेकतात.

मात्र एक पीन क्षणभर उचलली गेली, तरी प्रोग्राम अर्धवट राहू शकतो. म्हणून भरलेला प्रोग्राम पुन्हा वाचून ताडून पाहतात.

आता विजेरीचा सेल व स्प्रिंग यांमध्ये कागदाचा कपटा ठेवून पाहा. दाब आहे, पण दिवा लागत नाही! गंजाचा थरही असाच आड येतो. म्हणूनच अशा पिनांना बहुधा सोन्याचा मुलामा देतात; सोने गंजत नाही.